दुप्पट

आकडा पुन्हा तोच आला. एकोणीसशे दहा.

तिने नळी मशीनमधून काढली, उजेडात धरून पाहिली आणि तिसऱ्यांदा आत ठेवली. परवा हाच आकडा चोवीसशे होता. गरोदरपणाच्या सहाव्या आठवड्यात वारेचं हे हार्मोन दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला हवं. निदान खाली तरी येऊ नये. याच्याच जोरावर मळमळतं, उलट्या होतात. लॅबमध्ये आठ वर्षं काढलेल्या तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"मशीन बिघडलंय," ती सीनियर बाईंना म्हणाली.

बिघडलं असेल तर सकाळपासून गेलेले अकरा रिपोर्ट चुकलेले. अकरा जणींना परत बोलवायचं, परत सुया टोचायच्या, वर डॉक्टरांची बोलणी खायची. एरवी हे टळावं म्हणून तिने देव पाण्यात ठेवले असते. आज ती मनापासून तेच मागत होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

बाई चष्मा पुसत आल्या, यादी पाहिली आणि हसल्याच. एकसष्ट वर्षांच्या बाईची गरोदरपणाची टेस्ट? कोणत्या डॉक्टरने हे दिवे लावले म्हणे? हसत हसतच त्यांनी कंट्रोलची बाटली काढली. आकडा आधीच ठाऊक असलेलं ते द्रावण. मशीन खरं बोलतंय का, हे त्यावरून कळतं. अठरा मिनिटं लागणार होती.

तेव्हा कुठे तिला आपला वेंधळेपणा उमगला. लॅबमध्ये बोभाटा नको म्हणून तिने नळीवर सासूबाईंचं नाव घातलं होतं. पण हाताला सवय कामाची. नाव खोटं घातलं, तरी त्या नावाचं वय मात्र त्याने इमानदारीत खरं लिहून टाकलं.

बाईंनी यादीतलं आडनाव पुन्हा वाचलं. मग तिच्या ॲप्रनवरच्या पट्टीवरचं. मग तिच्या कोपरापाशी चिकटवलेला कापूस पाहिला. त्यानंतर त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसून राहिल्या.

कंट्रोलचा आकडा आला. जिथे यायला हवा होता, बरोबर तिथेच.

"मशीन ठीक आहे गं," बाई हळूच म्हणाल्या.

तिचा फोन वाजला. सासूबाई. आठवडाभर सुनेच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तेव्हा त्यांचाच जीव टांगणीला लागला होता. कालपासून उलट्या थांबल्या आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"डबा गेला का आज?"

"गेला, आई. सगळा संपवला."

"बघ, म्हटलं होतं ना मी? सुटलीस बाई एकदाची."

ती हो म्हणाली. फोन ठेवला, तेव्हा तिला पुन्हा भूक लागली होती.