पाहणीच्या दिवशीचं सामान

तांदळाची गोणी आधी आत आली. मागून टेबलफॅन, मग गुंडाळलेली गादी, आणि त्यामागे धापा टाकत लान-जे.

"सरक गं, युक-हा. हे तुझ्या पलंगाखाली जाईल का?"

"तिथे माझी पेटी आहे," युक-हा म्हणाली. "आणि हे काय चाललंय? घर सोडून निघालीस की काय?"

"तासाभराचा प्रश्न आहे. मॅडम येऊन गेली की नेते उचलून."

युक-हा काही म्हणायच्या आत ती पुन्हा गेलीही. पलीकडच्या खोलीत ओढाओढ ऐकू येऊ लागली.

शाम शुई पो या दाटीवाटीच्या वस्तीतल्या त्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एकेकाळी एक घर होतं. मालकाने प्लायवुड मारून त्याचे पाच तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला घर म्हटलं. कोंबड्यांची खुराडी याहून ऐसपैस असतात. फक्त कोंबड्या भाडं भरत नाहीत. वस्तीतली एक संस्था रिकामी घरं मालकांकडून मागून घ्यायची, डागडुजी करायची आणि परवडेल अशा भाड्याने गरिबांना द्यायची. संस्था भली होती. पण भल्या संस्थेच्या हातातही या खेपेला एकच घर होतं, आणि या मजल्यावरून दोघींनी ते मागितलं होतं. युक-हाने आणि लान-जेने. म्हणजे शेजारणींनी आपापली दैना मांडून बसायचं आणि जिची जास्त उठून दिसेल तिने जिंकायचं. याला कोणाला माणुसकी म्हणायचं असेल तर म्हणो.

पाहणीआधी चांगल्या वस्तू दडवायच्या, हे या इमारतीत शेंबडं पोरही जाणून होतं. युक-हाने स्वतः नवा थर्मास कपड्यांत गुंडाळून ठेवला होता. पण दुसरीच्या खोलीत अख्खा संसार नेऊन टाकायचा आणि स्वतः कफल्लक दिसायचं, एवढा निलाजरेपणा तिला सुचला नव्हता.

लान-जे घडीचं टेबल घेऊन आली. पाठोपाठ भाताचा कुकर, वाळवलेल्या सॉसेजची माळ, नवऱ्याची हत्यारांची पिशवी. तिचा नवरा बांबूच्या परांच्या बांधायचा. एकदा वरून पडला, तेव्हापासून कंबर गेली. झोपायच्या फळीवर आडवं होणं त्याला जमेना. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

"देवसुद्धा आणून ठेव की," युक-हा फणकारली.

"देव राहू दे माझ्याकडे. तो बिचारा जागा अडवत नाही."

लान-जे हसली. युक-हाला हसू आलं नाही. ती हॉटेलात भांडी घासायची. हातांची सालं निघायची. पोरगी अकरा वर्षांची झाली होती आणि गुडघे पोटाशी घेऊन झोपत होती, कारण पाय पसरले तर ते दाराबाहेर जात. हे घर गेलं तर पुढचं केव्हा, कोणी सांगावं? तिने मनाशी ठरवलं, मॅडम आली की तोंडावर सांगायचं. हे सामान हिचं आहे. ही नाटकी आहे.

संस्थेच्या क्वोक मॅडम आल्या आणि आधी लान-जेकडे गेल्या. युक-हाने प्लायवुडला कान लावला. लावायची गरज नव्हती म्हणा. त्या भिंतीतून पलीकडची जांभईसुद्धा ऐकू यायची.

"सामान फारसं नाही तुमचं," मॅडम म्हणाल्या.

"दोन म्हाताऱ्यांना लागतं काय? बसा ना. अशा नीट पाय सोडून बसा."

"खरं सांगू का, सामानाशी आम्हाला कर्तव्य नाही. कमाई तुम्हा दोघींची सारखीच. माणसाला हलायला जागा किती उरते, तेवढंच बघायचं."

"अस्सं," लान-जे म्हणाली.

युक-हाने कान काढला. म्हणजे इतकी अक्कल चालवून या बाईने स्वतःच्या हाताने स्वतःचं घर घालवलं होतं. आधी तिला आनंद झाला. चांगला पोटभर झाला, लपवण्यात अर्थ नाही. मग भिंतीला टेकून झोपणारा तो म्हातारा डोळ्यांपुढे आला आणि आनंद ओसरला. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की घर आपलं. आयुष्यात इतकी स्वस्त गोष्ट तिला कधी मिळाली नव्हती.

दार अर्धंच उघडलं. मध्ये गोणी होती. क्वोक मॅडमनी डोकं आत घातलं, पाऊल टाकायला जागा शोधली. ती सापडली नाही.

"एवढ्याशा जागेत तुम्ही मायलेकी राहता?"

पोरीचे दुमडलेले गुडघे युक-हाला आठवले.

"मॅडम," ती म्हणाली, "हे सामान माझं नाही. हे सगळं ह्या..."

"हिचं नाही तर काय माझं?" मॅडमच्या खांद्यावरून लान-जेने मान पुढे काढली. "माझी खोली तर आत्ताच बघितलीत तुम्ही, नुसती रिकामी पडलीय. कधीची म्हणतेय हिला, थोडं माझ्याकडे आणून टाक. पण मानी आहे हो बाई. ऐकेल तर शपथ."