सगळ्यांच्या नंतर

“तिले शेवटी घ्या, पास्टरजी. आमचं होऊन जाऊ द्या आधी.”

शोभाबाई हौदाच्या काठावरून बोलल्या आणि पदर नाकावर ओढून घेतला. जयवंताने ऐकलं. सरकत सरकत मागे संत्र्याच्या झाडाखाली जाऊन बसली. उजव्या पायाची पट्टी पिवळी पडली होती. साखरेच्या दुखण्याने तो पाय आतून नासत चालला होता. माशा उठत आणि पुन्हा तिथेच बसत.

कारंजा गावाजवळच्या प्रभाकररावांच्या बागेतला हा हौद. प्रभाकरराव चर्चच्या मंडळीतले, म्हणून दरवर्षी बाप्तिस्मा इथेच व्हायचा. पास्टर हेमराज कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. एकेकाला मागे झुकवून पुरतं बुडवत होते. शोभाबाईंची वेणी पाण्यावर तरंगत राहिली, तर त्यांना पुन्हा एकदा बुडवलं.

“केसभर कोरडं राह्यलं तरी तारण नाई,” ते म्हणाले. शोभाबाई खोकत, नाकातलं पाणी शिंकरत बाहेर आल्या आणि धन्य झाल्या.

जयवंताच्या सपनाला हाच नियम लागला होता. पोरीने वर्षभरात एक रविवार चुकवला नाही. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी गुडघ्यांवर बसायची. मागच्या ईस्टरला तिचा बाप्तिस्मा ठरला होता. त्याच आठवड्यात कावीळ मस्तकात गेली आणि सपना गेली. हेमराज मातीला आले नाहीत. ‘ती पाण्यात उतरली नव्हती. तिच्यावर आशेची प्रार्थना कशी म्हणू? नियम माझा नाही, वचनाचा आहे,’ असा निरोप तेवढा आला. पास्टरच नाहीत म्हटल्यावर मंडळीही आली नाही. सपनाला वावराच्या धुऱ्यावर, बांधाशीच पुरलं. एक गीतसुद्धा कोणी म्हटलं नाही.

म्हणून जयवंता आज आली होती. तिला स्वर्गाची हौस नव्हती. बुडून निघायचं, मेल्यावर वर जायचं, प्रभूचे पाय धरायचे आणि पोरीला आत घ्या म्हणायचं. एवढंच तिचं काम होतं. वर जायला पाणी लागतं म्हणतात, तर पाणी.

सगळ्यांचं झालं. हौदावर आता खोबरेल तेलाचा तवंग आला होता. कोणाची तरी थुंकी काठाशी गोल गोल फिरत होती. तुमची सारी पापं या पाण्यात राहिली, असं हेमराज मघाशीच म्हणाले होते. त्या पाण्याची मात्र कोणाला किळस आली नाही.

जयवंता उठली. हौदाच्या काठावर बसून पट्टी सोडू लागली. वास सुटला. मागे कोणीतरी पचकन थुंकलं.

“अवो नको, नको!” प्रभाकरराव ओरडले. “माह्ये बैल पेतात हे पाणी!”

हेमराज तोवर पलीकडच्या बाजूने हौदाबाहेर निघालेही होते. टॉवेल तोंडावर धरूनच ते आले आणि चार हात लांब थांबले.

“जयवंताबाई, पाण्यानं जखम वाढंल. राहू द्या. तुमचा प्रभूवर विश्वास हाय ना?”

“हाय.”

“मंग झालं तर. देव मन पाहते.”

“पाण्याबिगर?”

“पाण्याबिगर.”

“वेणी बुडाली नाई तर चालत नवतं ना, पास्टरजी?”

हेमराज हसले. आवाज अगदी लोण्यासारखा झाला. “प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराले कोणी बुडवलं होतं, बाई? त्यानं नुसतं म्हटलं, माझी आठवण ठेव. त्याच दिवशी तो प्रभूसंगं स्वर्गात गेला. वचनातच हाय हे.”

म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं. तोंडपाठ होतं.

“आमेन,” मंडळी म्हणाली. सुटल्यासारखी म्हणाली. शोभाबाईंचं आमेन पदराआडून आलं.

जयवंता त्या सगळ्यांकडे पाहत राहिली. ओले केस, नव्या साड्या, नाकांवर रुमाल. आता तिलाच पचकन थुंकावंसं वाटलं. तोंडाला सुटलेलं पाणी तिने गिळलं. मग पट्टी पुन्हा गुंडाळली, गाठ आवळली आणि हौदाचा काठ धरून उभी राहिली.

“चाला मंग, पास्टरजी.”

“कुठं?”

“धुऱ्यावर. हेच साऱ्याइच्या समोर माह्या सपनाच्या मातीवर म्हणा. थे बी कोरडीच गेली.”