दोनची फेरी

दोनला पाच मिनिटं कमी असताना ज्यादा शेपूट अंगाखाली घेऊन उंबऱ्यावर बसला, तो उठेचना.

सासरे बूट चढवून तयार होते. बस डेपोतले कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण बूट अजून डेपोतलेच, टायरसारख्या जाड तळव्याचे. गळ्यात शिट्टी. दाराशेजारच्या पाटीवर खडूने वेळापत्रक: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ. प्रवासी मात्र आता एकच उरला होता. कुणी काही ठरवलेलं नसताना हे कुत्रं घरात आलं, आणि वेळापत्रकात नसलेली गाडी ती ज्यादा गाडी, म्हणून त्याचं नावही ज्यादा.

"चल रे, वेळ झाली." सासऱ्यांनी पट्टा हलवला.

ज्यादाने हातभर जीभ बाहेर काढली आणि भलतीकडेच पाहिलं.

"संपावर गेलाय," सासरे म्हणाले. "बोला साहेब, मागण्या काय आहेत आपल्या?"

"तुमच्या हाताखाली कुणीही संपावर जाईल," आतून सासूबाईंचा आवाज आला. "छत्तीस वर्षं गाड्या उशिरा सोडल्या, त्याची भरपाई आता मुक्या जिवाकडून चाललीय."

भांडी घासता घासता सून ओल्या हातांनीच बाहेर आली. खाली बसली, ज्यादाचा पुढचा पंजा उचलून उलटा केला. काळ्या गाद्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. एका गादीचं साल सुटलं होतं. काल रात्रभर तो पंजे चाटत होता, आणि 'काय ही घाणेरडी सवय' म्हणून तीच त्याला ओरडली होती.

"बाबा, पाय भाजलेत याचे. दोनची फेरी रद्द करा."

"फेरी अशी उठून रद्द होत नसते. कारण लिहावं लागतं."

"लिहा की. ऊन."

"ऊन हे काय कारण झालं? ऊन दरवर्षीच असतं. उन्हासाठी गाड्या थांबवल्या असत्या तर माणसं घरी कशी पोचली असती?" सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "काटाबिटा टोचला असेल त्याला. मीही रोज त्याच रस्त्यानं जातो, मला नाही भाजलं कधी."

सुनेने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. हातातून पट्टा काढून घेतला असता तर त्यांनी तो मुकाट्यानं दिला असता, हे तिला ठाऊक होतं. आणि मग उरलेला उन्हाळा रोज दोन वाजता ते खुर्चीत बसून नुसते घड्याळाकडे बघत राहिले असते, हेही ठाऊक होतं.

"बाबा, गाडी सोडायच्या आधी रस्ता तपासायचा असतो ना?"

"असतो. रोज तपासतो मी."

"बूट घालून."

दोनचे ठोके पडले. छत्तीस अधिक सहा वर्षांत पहिल्यांदाच ते दोनच्या ठोक्याला पायरीवर बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले. मोजे काढले, घडी करून बुटात ठेवले. आतले पाय गोरे आणि मऊ निघाले, कुणा दुसऱ्याचेच असल्यासारखे.

"सातपर्यंत मोजा," सून म्हणाली. "तेवढं टिकलात तर खुशाल न्या त्याला."

"सात काय, सत्तर मोजतो." सासऱ्यांनी फाटक उघडलं आणि डांबरावर दोन्ही पाय रोवले.

एक त्यांनी मोठ्यानं म्हटलं. दोन त्याहून मोठ्यानं. तीनला डावा पाय वर गेला, चारला उजवा, आणि पाच ऐकू आलं ते फाटकाच्या आतून, जास्वंदीच्या आळ्यातल्या चिखलात उभं राहून.

"अगं बाई!" सासूबाई खिडकीत येऊन उभ्या होत्या. "आमच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा पाऊल हललं नव्हतं हो या माणसाचं!"

ज्यादाने मात्र संप मागे घेतला. उंबऱ्यावरून उठला, सावलीसावलीने लंगडत आला आणि मान खाली घालून सासऱ्यांचे चिखलाचे पाय चाटू लागला.

"रोज नेत होतो की रे मी तुला," सासरे हलक्या आवाजात म्हणाले. "एकदा तरी बोलायचंस."

"आज बोलला ना," सून म्हणाली.

तिने टबात साधं गार पाणी आणून पायरीशी ठेवलं. सासऱ्यांनी आधी ज्यादाचे पंजे एकेक करून त्यात बुडवले. चारही झाले तेव्हा हळूच स्वतःचे दोन घातले. सासूबाई टबात डोकावून बघत म्हणाल्या, "संध्याकाळी ऊन उतरलं की रिक्षाने डॉक्टरकडे जा. दोघंही."

थोड्या वेळाने सासरे ओल्या पावलांनीच पाटीकडे गेले. सकाळचे आठ पुसून सहा केले. 'दुपारी दोन' पुढे 'रद्द' लिहिलं. त्यापुढे 'कारण' लिहून खडू तसाच धरून उभे राहिले. 'ऊन' लिहिलं, अंगठ्याने पुसलं. मग वळून ज्यादाकडे पाहिलं. तो गार फरशीवर चारही पाय पसरून झोपला होता.

सासऱ्यांनी सावकाश, डेपोतल्या फलकावर लिहायचे तशा वळणदार अक्षरात लिहिलं: प्रवासी अनवाणी.