जनरलच्या छातीवरचं मेडल

इलाच्या शाळेत मुलांनी इतिहासातलं एकेक माणूस होऊन पुतळ्यासारखं उभं राहायचं होतं. समोरचं बटण कुणी दाबलं की पुतळ्याने बोलायचं. इलाच्या चिठ्ठीत निघाला दीडशे वर्षांपूर्वीचा इजिप्तचा जनरल, सुदानचा गव्हर्नर! दीपाने लेकीला खोट्या मिशा लावल्या आणि घरातली होती नव्हती तेवढी मेडल्स तिच्या छातीवर टाचली. मधोमध अर्थातच स्वतःचं, मंडळाच्या उकडीच्या मोदक स्पर्धेतल्या पहिल्या नंबरचं.

"गव्हर्नर कुणाच्या बापाला घाबरत नाही," तिने बजावलं. "काहीही विचारलं तरी ठणकावून सांगायचं!"

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली निम्मी मराठी मंडळी जनरलला बघायला लोटली. दीपा कौतुकाने व्हिडिओ काढत होती, तेवढ्यात मोदक स्पर्धेच्या परीक्षक रेणूकाकूंनी बटण दाबलं.

"काय हो जनरलसाहेब, हे मधलं मेडल कुठल्या लढाईतलं?"

जनरलने मिशीला पीळ दिला.



"एकदम ईझी लढाई, काकू! फ्रोजन मोदक स्टीम केले आणि रिकामे बॉक्स शेजाऱ्यांच्या गार्बेजमध्ये हाइड केले!"