पायलटचं वजन

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं गाव वाळलं आणि एकटा बलभीम पायलट पाच किलोंनी वाढला.

वाढला तो सोसायटीच्या काट्यावर. हा मोठा लोखंडी काटा रेशनची तांबडी मिलो ज्वारी मोजायला होता. पण दर सोमवारी, पोती लागायच्या आधी, बलभीम चपला काढून त्यावर उभा राहायचा. लढाईवरून परत आल्यापासूनचा हा नेम. निजाम गेला, शेर जाऊन किलो आले, बलभीम काही बासष्टच्या पुढं-मागं सरकला नाही.

जळकोटच्या अलीकडच्या त्या गावात याचं कुणाला नवल नव्हतं. महायुद्धात बलभीम कोचीला आरमाराच्या विमानतळावर होता. विमानं सुटी सुटी पेट्यांतून यायची. ती जोडायची आणि जोडलेलं विमान पहिल्यांदा वर नेऊन बघायचं. उडालं तर आरमाराचं, न उडालं तर समुद्राचं. त्या पहिल्या उड्डाणांत बलभीम असायचा. अशा माणसाला शिस्त असणारच, असं गाव म्हणायचं.

कमरेला तेव्हाचाच रुंद कापडी पट्टा. त्याला भोक एकच. एसटीत तो ड्रायव्हरच्या पाठीला लागून असलेल्या उलट्या बाकावर बसायचा, बैलगाडीत मागं पाय सोडून. विमान कसं चालवतात असं पोरांनी विचारलं की म्हणायचा, "हलायचं न्हाय. हलला त्यो गेला." शाळेतले गुरुजी हे वाक्य परीक्षेच्या आधी मुलांना सांगायचे.

या कीर्तीचा फायदा एकच होता. सोसायटीच्या ओट्यावर, चेअरमन नानासाहेबांच्या शेजारी, त्याला खुर्ची मिळायची. बौद्धवाड्यातल्या दुसऱ्या कुणालाही त्या ओट्याची पायरी अजून मिळाली नव्हती.

तर एका सोमवारी काट्यानं सदुसष्ट दाखवले. पेन्शन मानवली, असं म्हणून नानासाहेब हसले. बलभीमनं पट्टा चाचपला. पट्टा आपल्या भोकात बसलेला होता.

त्याच दुपारी त्याच्या गल्लीतली गजराबाई तणतणत आली. नवरा वारलेला, पदरात तीन लेकरं, दिवसभर खडी फोडायची. रेशनची मिलो डब्याच्या गळ्यापर्यंत यायची, ती आता दोन बोटं खालीच राहते, असं तिचं म्हणणं. नानासाहेबांनी समजूत घातली की दुष्काळात माणसाची भूक वाढते आणि डबा मोठा वाटायला लागतो. बलभीम खुर्चीतूनच म्हणाला, काटा खोटा आहे. त्यानं गजराबाईला बरोबर घेऊन तुळजापूर गाठलं आणि तक्रार केली.

पुढच्याच आठवड्यात वजनमापाचे साहेब आले. ते यायच्या आदल्या दिवशी सोसायटीनं काटा धुऊनपुसून घेतला होता. स्वच्छतेची हौस अशी अधूनमधून येते.

नानासाहेबांनी साहेबांना हार घातला आणि गावचं भूषण दाखवलं. हे आमचे पायलट. हा पट्टा बघा साहेब, लढाईपासून त्याच भोकात आहे, मी लहानपणापासून बघतोय. साहेबांनी कौतुकानं पट्ट्याला हात लावून पाहिला.

मग त्यांनी आपली पितळी वजनं काट्यावर ठेवली. काटा बरोबर निघाला. पुन्हा ठेवली, पुन्हा बरोबर. नानासाहेब गजराबाईकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की खोटी तक्रार करणाऱ्याचं कार्ड रद्द करायचं सोसायटीनं ठरवलंय. गजराबाईनं कार्ड पदराखाली धरलं.

बलभीम चपला काढून काट्यावर उभा राहिला. बासष्ट.

"पायलट, आठ दिवसांत रोडावलात की," नानासाहेब म्हणाले. ओटा हसला.

"वजन तेच हाय. काटा बदललाय."

साहेब माणूस वाईट नव्हता. माणसाचं वजन म्हणजे पुरावा होत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. माणूस जेवतो, आजारी पडतो, उतरतो, चढतो.

"म्या चढत न्हाय आन् उतरत न्हाय, साहेब."

"का बरं? पायलटचं वजन दोन किलो इकडं-तिकडं झालं तर विमान उडत नाही काय?" साहेबांनी विचारलं.

नानासाहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढं सरकवली. "बसा पायलट. तुमचा मान मोठा. तुमच्यासाठी च्या सांगतो. ही बाई तुम्हाला उगं नादी लावतीय."

बलभीमनं खुर्चीकडं पाहिलं. वेताची होती, एका हाताचा वेत सुटलेला. तो त्यानंच दिवाळीला सुतळीनं बांधला होता. मग त्यानं गजराबाईच्या पदराकडं पाहिलं.

तो काट्यावरून उतरला, पण खुर्चीवर बसला नाही. कमरेचा पट्टा सोडून त्यानं साहेबांच्या हातात दिला आणि एका हातानं धोतर धरून उभा राहिला.

"पायलटला त्याचं वजन कुणीच इचारत न्हाय, साहेब. आमच्या पायलटचं पोट तर हे एवढं होतं. त्यो पुढं बसायचा. पर इमान पहिल्यांदा वर न्यायचं म्हंजी मागच्या शिटावर नेमकं वजन लागायचं, न्हाय तर शेपूट वर येतंय. वाळूचं पोतं बांधायचे, ते घसरायचं. मग बरोबर तेवढ्या वजनाचा माणूस हुडकला. रोज सकाळी मोजायचे आन् मागं तोंड करून ह्याच पट्ट्यानं आवळायचे."

नानासाहेब खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"जमलं तर लिवून घ्या, साहेब. म्या पायलट कवाच नव्हतो. म्या पोतं होतो, आन् आमच्या पोत्यात कदी माप चुकलं न्हाय."