तलावातली पवनचक्की

मुलुंडला आमच्या सोसायटीमागच्या तलावाकाठी दिवस मावळला की मिट्ट काळोख. तिथे उत्तरावहिनी पाय घसरून पडल्या आणि त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. म्हणून त्यांच्या नवऱ्याने, निवृत्त इंजिनियर नंदकिशोरने, काठावर दिवे लागावेत यासाठी तलावात तरंगणारी एक छोटी पवनचक्की बनवली आणि सरकारी परवानगी मागायला गेला.

"समुद्रातल्या पवनचक्कीचं धोरण आहे, जमिनीवरचीचंही आहे," साहेब म्हणाले. "गोड्या पाण्यातलीचं अजून यायचंय."

"मग तोवर समुद्राचंच लावा ना."

"लावतो की. नौदलाची हरकत नाही असं लिहून आणा, आणि मोठ्या जहाजांची वाट सोडून उभी करा."

"साहेब, आमच्या तलावात बदकं आहेत फक्त."

साहेबांना दया आली. दार लोटून ते हळूच म्हणाले, "काका, तिला पवनचक्की म्हणूच नका. गणपतीचा देखावा म्हणा, उद्या परवानगी देतो. फक्त उत्सव संपला की काढायची."

गणपतीत चक्की झकास फिरली, दिवे लागले, वहिनी रोज फिरायला जाऊ लागल्या. काल विसर्जन झालं.



धोरण अजून आलेलं नाही, नवरात्राला पंधरा दिवस आहेत, आणि जन्मात देवळाची पायरी न चढलेला आमचा नंदकिशोर सकाळपासून गुरुजींच्या मागे लागलाय, "पितृपक्षात एखादा देव बसतो का, बघा ना."