गळ्याचे टाके

“आई, या नमुन्यात ‘सु’ म्हणजे काय?”

“सुलट टाका. आणि ‘उ’ म्हणजे उलट.”

दिवस गेल्यापासून सून बाळासाठी स्वेटर विणत होती. अडलं की सासूबाईंना विचारायची. त्याही न कंटाळता सांगायच्या, सुटलेला टाका सुईवर उचलून द्यायच्या. शेवटी गळ्याचे टाके बंद करताना मात्र तिने काही विचारलं नाही. एकेक टाका घट्ट ओढत गेली. सासूबाई शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या.

बारशाला सगळ्यांसमोर तिने स्वेटर बाळाच्या डोक्यातून घालायला घेतला. गळा कपाळावरच अडकला. बाळ रडून लालबुंद झालं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

सासूबाईंनी कपाटातून दुसरा स्वेटर आणला. रंग तोच, नमुनाही तोच. बाळाच्या डोक्यावरून तो अलगद खाली उतरला.

“मी आपला विणून ठेवला होता,” त्या पाहुण्यांना म्हणाल्या.

स्वयंपाकघरात सुनेने हळूच विचारलं, “गळा घट्ट होतोय, हे तुम्हाला दिसत होतं ना?”

“दिसत होतं की,” घुगऱ्यांचं पातेलं उचलत त्या म्हणाल्या. “पण तू विचारलंस कुठे?”